बाबांच्या गाण्यावर गिटारींची चढाओढ

लंडन, १२ मार्च १९८१

प्रिय आई,

मोजे पोचले. जेवण वेळेवर होतं, खोकलाही फारसा नाही. ग्लासगोत थंडी ओसरली का? बाबा उठून बसतात का गं?

आमच्या बँडची पहिली रेकॉर्ड झाली एकदाची, पण डोकं फिरलंय माझं! शेवटच्या दिवशी लाखलन म्हणाला, "माझ्या गिटारचा आवाज जरा वाढवा." लगेच ग्रेगर, "मग माझ्यापण!" ड्रमवाल्या हेमिशलाही चेव चढला. त्या छणछणाटात माझा आवाज पार बुडाला. भांडलो, तर म्हणतात, "गाणाऱ्याचे शब्द कोण ऐकतं?"

आता रेकॉर्ड छापूनही झाली, सोबत पाठवतोय. बाबांवरचं गाणं शेवटचं आहे. शब्द मागच्या पानावर लिहिलेत. रेकॉर्ड लाव, त्यांच्या उशाशी बस आणि तूच म्हण.

तुझा वैतागलेला,
इवन