अण्णांच्या बसला ड्रायव्हर

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥
तुळजापूर, १२ जानेवारी २०२६

चि. सौ. शिवकांतास अण्णाचे अनेक आशीर्वाद. आम्ही इथं खुशाल. फोनवर तुला नीट ऐकू येत न्हाय, म्हणून कागद घेतला.

मोठ्या गाडीचं माझं लायसन्स आता रिन्यू होत नाही. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं. म्हणजे यात्रेच्या बसला ड्रायव्हर ठेवणं आलं. तीस वर्षं ते स्टेरिंग माझा जोडीदार गुंडाप्पाशिवाय कुणाच्या हाती दिलं नव्हतं.

दोघं येऊन गेले. एक येरमाळ्याचा शंभुलिंग, पन्नाशीचा. हेवी लायसन्स, बॅज-बिल्ला, सगळं चोख. पण लई अबोल. दुसरा आपल्या गुंडाप्पाचा रुद्रेश. गुंडाप्पाला जाऊन चार वर्षं झाली, पण रुद्रेश गिअर टाकताना बापासारखीच मान तिरकी करतो. शेजारी बसून माझे डोळे भरून आले. अडचण एकच, त्याच्याकडं लायसन्स छोट्या गाडीचं. हेवी निघायला वेळ लागेल आणि बुकिंगं तर तोंडावर. तोवर चालवू द्यावी, असं मन म्हणतं. भूकंपाच्या वर्षी मीही तशीच चालवली, तू तर सोबतच होतीस. तुझं मत कळव.

घरच्या थोरांना माझा शरणु-शरणार्थी नमस्कार सांग, लेकरांच्या डोक्यावरून माझा हात फिरव.
तुझा,
गुरुसिद्धप्पा


सास्तूर, १९ जानेवारी २०२६

ती. अण्णांस शिवकांताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

डोळ्यांचं वाचून घास गोड लागला न्हाय. औषध वेळेवर घाला. वहिनी ओरडल्या तर मुकाट ऐकून घ्या.

गुंडाप्पाअण्णांची मलाही फार आठवण आली. दिवाळीला तुम्ही दोघं मला न्यायला यायचात. ते वेशीपासूनच हॉर्न वाजवायचे, आणि सासूबाई म्हणायच्या, आली बघ तुझी माहेरची वरात. कपडे बांधून मी सकाळपासून बसलेली असायची.

पण भूकंपाचं तुम्ही काढलंत म्हणून लिहिते. त्या सकाळी कुणाचा तरी ट्रक घेऊन तुम्ही आलात आणि अठरा जखमी सोलापूरला नेलेत. तेव्हा तुमच्याकडं जीपचंच लायसन्स होतं. गाव अजून तुमचं नाव काढतं. वळणावर ट्रक खाली घसरला, मामंजींचा उजवा हात मोडला, हे मात्र कुणी बोलत न्हाय. त्या हातानं त्यांना पुन्हा नांगर धरता आला नाही. तुम्ही स्टेरिंगवर डोकं टेकून रडलात, ते मी शेजारी बसून पाहिलं.

त्या दिवशी दुसरा कुणी नव्हता, म्हणून तुम्ही बसलात. आज शंभुलिंग दारात येऊन गेलाय.

रागावलात तरी चालेल, पण शेंगापोळ्या खायला या. माया आहे तशीच राहू द्या.
तुमची,
शिवकांता


तुळजापूर, ९ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. शिवकांतास आशीर्वाद.

तुझा कागद दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. तुझे मामंजी मला त्यावरून कधी एक शब्द बोलले नाहीत, त्यामुळं मीच विसरल्यासारखं केलं होतं.

रुद्रेशला बोलावून नाही म्हटलं. चालवून बघायला दिलेली किल्ली त्यानं टेबलावर ठेवली आणि चहा न घेता गेला. लई लागलं मनाला. तिसऱ्या दिवशी स्वतःच आला, हेवीसाठी कुठं नाव घालू म्हणून विचारायला. आता धाराशिवला शिकायला जातो.

शंभुलिंगाला ठेवलं. काल पहिली फेरी, येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाची. मी त्याच्या शेजारी बसलो. प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय ब्रेक मारल्यासारखा आपोआप खाली दाबला जायचा. येडशीच्या पुढं त्यानं गाडी बाजूला घेतली आणि हळूच म्हणाला, “अण्णा, तुम्ही मागं बसा. तुमचा पाय बघून माझा चुकतोय.”

वाईट वाटलं, पण गेलो मागं, बायांच्या मधी, खिडकीपाशी. मान वळवली की दिसतं अजून. डोंगरावर पवनचक्क्या फिरत होत्या, ज्वारी कणसात आली होती, एका मळ्यात लग्नाचा मांडव पडला होता. त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला पाठ, पण हे कधी बघितलंच नव्हतं. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, “पहिल्यांदाच आलाव का ह्या वाटनं?”

मी व्हय म्हणालो. तिनं हातावर दोन चिरमुरे ठेवले आणि पुढं कायकाय लागतं, ते येरमाळ्यापर्यंत सांगत राहिली.

दोन ओळी तरी धाडत जा, वाट बघतो.
तुझा,
अण्णा