वास कोणाच्या कपड्यांना

११ ऑगस्ट, सोमवार

प्रथम वस्तुस्थिती, क्रमाने. एक: पुढून दार असलेले वॉशिंग मशीन चौदा महिन्यांपूर्वी घेतले. दोन: जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून धुतलेल्या कपड्यांना ओल्या पोत्यासारखा वास येतो. तीन: पावडर उत्तम, मोजून, माझ्या हाताने. चार: धुणे झाले की दार घट्ट लावून वर कव्हर मीच घालते, शाहूपुरीतल्या इतर घरांसारखे मशीन आ वासून पडलेले मला खपत नाही. पाच: घरात माणसे तीन — मी, गोमटेश आणि त्यांच्या आई. पहिल्या दोघांचे कपडे मशीनमध्ये जाताना निर्दोष असतात.

एकतीस वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. निष्कर्षाला आणखी पुरावा नको.

१३ ऑगस्ट, बुधवार

सांगितले. नाष्ट्याच्या टेबलावर, शांतपणे. सासूबाईंचे वय चौऱ्याऐंशी. या वयात लघवीवरचा ताबा सुटतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही, त्यांनी डायपर वापरावा आणि लुगडी वेगळ्या बादलीत ठेवावीत. वाक्ये आधी मनात बांधून ठेवली होती. एक शब्दही चुकला नाही.

गोमटेश वर्तमानपत्रामागे. चाळीस वर्षे हा माणूस वर्तमानपत्रामागेच राहिला आहे!

सासूबाई म्हणाल्या, त्यांचे तसले काही होत नाही. मग म्हणाल्या, ओले कापड दोन घटकांच्या वर कोंडून ठेवले की त्यात जीव पडतात, मशीनचे दार उघडे टाक. दोन घटका! म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. सातवी शिकलेल्या बाईंनी मला हे सांगावे — मी हसले. एम.एस्सी.च्या पेपरात कोणी असे लिहिले असते तर शून्य दिले असते.

१७ ऑगस्ट, रविवार

सासूबाई आता न्हाणीघरात पाटावर बसून लुगडी हाताने धुतात. नऊ वार. पिळताना पीळ अर्ध्यावरच सुटतो. मी पुढे झाले.

"नको. तुझ्या हाताला वास लागंल."

इकडे गोमटेशनी कुठलासा व्हिडिओ पाहून मशीनमध्ये व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतले. आम्ल आणि अल्कली परस्परांना निकामी करतात, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. वास कायम. मी कंडिशनर दुप्पट केले.

२१ ऑगस्ट, गुरुवार

धाकटे दीर इचलकरंजीहून गाडी घेऊन आले. सासूबाईंनीच बोलावले होते. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस तिकडेच करणार म्हणे. पुढचे कोणी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. उंबऱ्यात थांबल्या.

"जाते मी. वास जातोय का बघ आता."

गोमटेश पिशवी घेऊन खाली गेले. वर आले ते थेट वर्तमानपत्रात.

२६ ऑगस्ट

वास गेलेला नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

मशीन दुरुस्तीवाला जोतीराम आला. दाराजवळच्या रबराची घडी त्याने बोटाने उलटी केली. आत काळा, बुळबुळीत थर.

"म्याडम, हितं तर भात लावता येतोय की!"

मग उलटतपासणी. दार बंद ठेवता? ठेवते. पाणी गार? गारच, कपड्यांचे रंग टिकतात. कंडिशनर? सांगितले. तो हसला नाही, हे त्याचे सौजन्य.

"मग वास बाहेरनं आला न्हाई म्याडम. तुम्हीच पाळलाय त्यो."

त्या थराचे शास्त्रीय नाव मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहीत आले आहे.

घडी घासून पुसली. खालची जाळी काढून धुतली. रिकामे मशीन साठ अंशांच्या पाण्यात ब्लीच घालून फिरवले, मग नुसत्या पाण्यावर पुन्हा एकदा. दार उघडे टाकले. संध्याकाळच्या धुण्याला कसलाही वास नाही.

गोमटेशनी विचारले, काय होते. "रबर," म्हटले. तेवढेच.

५ सप्टेंबर, शुक्रवार

गोमटेश फोनवर आईशी बोलत होते. पलीकडून काय विचारले गेले ते उत्तरावरून कळले.

"व्हय, गेला वास."

म्हणजे इचलकरंजीत हिशेब लागला — म्हातारी गेली, वास गेला. मी तीन हातांवर बसले होते. फोन मागून घेता आला असता. उशांचे अभ्रे बदलत राहिले. स्वच्छच होते.

८ सप्टेंबर, सोमवार

आज क्षमावणी, पर्वाची सांगता. सकाळपासून मोबाइलवर 'उत्तम क्षमा' लिहिलेली फुलांची चित्रे. वर्षभर ओळख न दाखवणारेही आज क्षमा मागतात. सासूबाई आज सर्व जीवांना क्षमा करतील. त्यात रबरातले जंतूही आले. त्या घाऊक क्षमेत मला जागा नको.

पत्र लिहिले. गोमटेशना वाचून दाखवले. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. पोस्टात मीच टाकून आले. मजकूर असा —

"वास तुमच्या लुगड्यांना नव्हता. मी कोंडून ठेवलेल्या मशीनला होता. हे मला तीस ऑगस्टला कळले, आणि नऊ दिवस मी गप्प राहिले. फोन करू नये; फोनवर तुम्ही 'असू दे की' म्हणाल आणि मी सुटेन. मला क्षमा केली की नाही, आणि या घरी परत येणार की नाही, हे लेखी कळवावे."