निलाजरीने केलेली वाटणी

मी, इंदुबाई केरू दळवी, वय चौसष्ट, धंदा शेती, राहणार गागोदे बुद्रुक, तालुका पेण, जिल्हा रायगड, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने नव्हे आणि कोणाच्या गोड बोलण्यानेही नव्हे, हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. गोड बोलण्याचा उल्लेख वकिलांना नको होता. मी ठेवायला लावला. माझा घात झाला तो धाकाने झालेला नाही.

१. आधी माझी मिळकत माझी कशी झाली ते सांगते. लग्नाला चार-पाच वर्षे झाली असतील, तेव्हा माझ्या कोपरावर चट्टा आला. तपासणीला आलेल्या बाईंनी त्यावर पीस फिरवले, मला कळले नाही. महारोग निघाला. पनवेलकडच्या दवाखान्यात राहावे लागणार होते. मागे नवऱ्याचे आणि सासूचे हाल नकोत म्हणून मीच माझी धाकटी बहीण सरू हिला माहेराहून, जिते गावाहून बोलावून घेतले. मी निघाले तेव्हा ती रडली. म्हणाली, "ताई, तुझं घर मी माझंच समजून सांभाळीन." शब्द तिने पाळला.

दोन वर्षांनी डॉक्टरांनी मी बरी झाल्याचा दाखला दिला. मी एस.टी.तून उतरून घरी आले, तर सरू दारात तांदूळ निवडत बसलेली. गळ्यात मंगळसूत्र, पोट पुढे आलेले. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "ताई, तू इतक्या लवकर बरी झालीस?"

नवरा मागच्या दाराने शेतावर निघून गेला. सासू बाहेर आली. "परत यायला लाज नाय वाटत गो तुला?"

"नाय वाटत," मी म्हणाले.

त्या दिवसापासून गावात माझे नाव निलाजरी पडले. ते नाव ठेवणाऱ्यांना ठाऊक नाही, पण त्याच गुणावर मी तगले. दवाखान्यात माझ्या आजूबाजूच्या खाटांवरच्या कितीतरी बायका बऱ्या होऊनही घरी गेल्या नाहीत. रोग गोळ्यांनी गेला, लाज गेली नाही. मी विहिरीवर गेले की बायका बाजूला सरत, मी कळशी भरून घेई. पेणच्या बाजारात माझ्या वालाच्या शेंगांना कोणी हात लावेना, तरी मी रोज त्याच जागी बसले. मग एका थंडीत पोपटीचे मडके भाजायला लावायला कुठे शेंगा मिळेनात, तेव्हा लोक माझ्यापाशी आले. लाज नव्हती म्हणजे दुःख नव्हते असे नाही. नवऱ्याच्या घरात सरूच्या बाळाचा पाळणा बांधला त्या दिवशी मी शेतात जाऊन ओरडले, आणि तोंड धुऊन त्याच रस्त्याने परत आले.

शेजारच्या बायजाबाईने मला गोठ्याची एक बाजू राहायला दिली होती. पुढे ती जागा आणि मागचे वालाचे शेत मी तिच्याकडून रीतसर विकत घेतले.

२. हे माझे घर व शेत मी अपेक्षाला देते. ती सरूची मुलगी. लग्न होऊन रोह्याला असते, कंपनीत पॅकिंगला जाते. तिच्या हळदीला मी अंगणाबाहेर उभी होते. ती पाटावरून उठून आली आणि म्हणाली, "मोठी आई, पहिली हळद तू लाव." काही पाहुणे न जेवता गेले. तिने वळूनही बघितले नाही.

३. नवरा कै. केरू याच्याबद्दल. तो एकदा त्याचे चुलते दाजी यांना घेऊन सोडचिठ्ठीचा कागद करायला आला. "एवढा अंगठा दे, सुटशील," म्हणाला. मी म्हटले, "माझा अंगठा बधिर हाय. त्याला कागद कळत नाय." म्हणून तो वारला तेव्हा त्याच्या घराला वारस लागले ते सरूची दोन्ही मुले आणि बायको म्हणून मी. सरूचे नाव लागले नाही.

४. मागच्या पावसाळ्यात सरूचा मुलगा हर्षद माझ्याकडे आला. "मावशी, मुंबईची पार्टी फार्महाऊसला जागा बघतेय. तू सही दे, घर विकून टाकू."

"आणि तुझी आई?"

"तिची करू काहीतरी सोय."

मी त्याला चहा दिला, सही दिली नाही. दुसऱ्या दिवशी सरू माझ्या उंबऱ्याशी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "ताई, पोरगा मला काढतोय गो. मी कुठं जाऊ?" मला म्हणायचे होते, आता कळले का? पण तिच्या तोंडावर कळल्याची खूण नव्हती, नुसती भीती होती. 

त्या घरातला माझा हिस्सा मी अपेक्षाला देते, मात्र सरू जिवंत असेपर्यंत तो विकू नये आणि सरूला तिथून कोणी उठवू नये. मी हे माफ केले म्हणून करत नाही. माझ्या तेराव्याला कोणी तसे बोलले तर त्याला हा कागद वाचून दाखवावा. घराच्या दारात उभे राहून आत जागा नसणे काय असते ते मला माहीत आहे, एवढेच. हर्षदला काही देत नाही. त्याला बापाचा स्वभाव मिळालेला आहे.

५. अंत्यविधीबद्दल. आमची आई जित्याला वारली तेव्हा तिला शेवटची आंघोळ घालायला मी वाकले. सरूने सगळ्या बायकांदेखत माझा पदर धरून मला मागे ओढले. "तू नको गो शिवू तिला." मी बरी होऊन तेव्हा वीस वर्षे होऊन गेली होती. नवरा घेतलास ते मी सोसले, सरू. आई घेतलीस ते नाही.

म्हणून मला शेवटची आंघोळ सरूनेच घालावी. हातात मोजे, फडके काही न घेता, उघड्या हातांनी, डोक्यापासून पायापर्यंत. डाव्या हाताची दोन बोटे वाकडी आहेत, त्यांच्या मधूनही. वकिलांनी विचारले, ही अट घराला जोडू का? मी नको म्हटले. तिने नाही घातली तरी घर तिच्याकडेच राहील. फक्त अपेक्षाने तिथे उभे राहून बघावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. एके ठिकाणी माझा शब्द मऊ केलेला आढळला, तो होता तसा करून घेतला आणि मग खाली सही केली.

सही: इंदुबाई केरू दळवी

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली:
१. ऋतुजा विशाल म्हात्रे, राहणार पेण
२. जगन हिरू ठाकूर, राहणार गागोदे बुद्रुक

ठिकाण: पेण
तारीख: १२ फेब्रुवारी २०२५