बोअरसाठी निघालेला मोर्चा

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

दुष्काळी कामावरच्या बायांचा घागर मोर्चा आज आमच्या दारावरून नव्या कलेक्टर कचेरीवर गेला. मागणी एकच, बंगल्यांतले बोअर सगळ्यांना उघडा. म्हणजे माझाही. मी शेजाऱ्यांना म्हणालो, "कुणीतरी फूस लावलीय यांना."

तेवढ्यात आमच्या ऑईल मिलमध्ये शेंगा निवडणारी कोंडाबाई फाटकाशी आली. "मालक, लातूर येगळा जिल्हा पायजे म्हणून तुमी मोर्चा काढला, तवा आमी मागं चाललोच की. आज तुमी चला."

आत आलो. मोटार चालू होती, बागेला पाणी जात होतं. मग तेव्हा मला कुणी फूस लावली होती? मोटार बंद केली, आणि घागरींचा आवाज चौकापलीकडे जाईपर्यंत तिथंच उभा राहिलो.