दहा मिनिटांच्या भेटीचा खर्च

पेण, ता. ९ जानेवारी

तीर्थस्वरूप दाजींस दामूचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? ताईचा खोकला गेला का? (ती फोनवर "बरी हाय" म्हणते, पण तापाने फणफणलेली असतानाही तेच म्हणते, म्हणून तुम्हाला विचारतो.) गेल्या महिन्यात मी कोठडीत होतो अशी बातमी रोह्यात पसरल्याचं कानावर आलं. बातमी खरी आहे, फक्त अर्धीच पोचली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

निवृत्त हेडक्लार्कला कोणी सुखाने बसू देत नाही. इथल्याच बाजूच्या एका छोट्या तुरुंगात (गाव लिहीत नाही, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही) कैद्यांना भेटायला येणाऱ्या नातेवाइकांसाठी मानके ठरवायची समिती निघाली. म्हणजे भेट किती मिनिटं, बसायला काय, प्यायला काय, हे एकदा कागदावर पक्कं करायचं. तुरुंगाच्या मोठ्या साहेबांनी मला सभासद केलं, आणि इंजिनीअर म्हणून नम्रता मॅडम आल्या. मंजुरी साठ हजारांची होती; त्यात मानके ठरवायची आणि उरेल त्यातून सोय करायची. पहिल्या बैठकीत चहा झाला. दुसऱ्या बैठकीत पहिलीचं इतिवृत्त मंजूर झालं. तिसऱ्या बैठकीत मॅडम वैतागून म्हणाल्या, "अहो, भेट होते कशी, ते एकदा बघू तरी!" मग प्रात्यक्षिक ठरलं. सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत रिकामा म्हणून कैदी मी झालो, आणि भेटीला आमची सौ. वनिता आली.

मोरू नावाच्या शिपायाने मला रिकाम्या कोठडीत घालून कुलूप लावलं. (माणूस सभ्य, आधी "माफ करा" म्हणाला.) जाळी इतकी दाट की वनिता मला तुकड्यातुकड्यांनी दिसत होती. शेजारी चार कुटुंबं एकदम ओरडत होती, त्यामुळे आमची सात मिनिटं "ऐकू येतंय का?" यात गेली आणि उरलेली तीन टाकीचा कॉक कुठे बंद करायचा हे सांगण्यात. घंटा झाली. तेवढ्यात मोरूला एका कैद्याला घेऊन अलिबागच्या कोर्टात जायचा हुकूम आला आणि तो गेला. चावी त्याच्या खिशात. पुढे वडखळला वाहनांची रांग. मी चार तास आत. वनिता परत विचारायला आली, तर तिला सांगितलं, एका दिवशी एकच भेट. डब्यातलं वालाचं बिरडं तिने बाहेरच्या लोकांत वाटून टाकलं.

त्या चार तासांत मला हौसा भेटली. रोह्याकडची, नदीकाठच्या वाडीतली म्हातारी. मुलगा रवी मारामारीत आत आहे. ती दर मंगळवारी मजुरी बुडवून, दोन एसट्या बदलून येते आणि भिंतीला लागून दोन तास रांगेत उभी राहते. तिची भेट माझ्या कोठडीसमोरच झाली, त्यामुळे नाइलाजाने ऐकली. रवी पहिलंच म्हणाला, "आये, तुझं पाय का थरथरतान? आजारी हायस ना?" ती म्हणाली, नाय रे. त्याला पटेना. सबंध दहा मिनिटं आई मुलाला आपण आजारी नाही हेच पटवत होती. नातीला दात आल्याचं सांगायचं राहून गेलं. ते तिने घंटा झाल्यावर मला सांगितलं.

मी आतूनच समितीचं काम केलं. विचारलं, "मावशी, भेट किती वेळ असावी?"

"येळ पुरतो, साहेब. उभं ऱ्हावत नाय. खाली बसली तर उठवत नाय."

अहवालात मी एकच वाक्य घातलं: बाहेर एक बाक द्यावा. बाकीची चाळीस पानं इतरांची. मॅडमनी बाकाची सुरेख आकृती काढली, रंगीत छपाई झाली, पंचवीस प्रती निघाल्या, गाडीभाडं लागलं. मानके ठरवण्यात एकोणसाठ हजार तीनशे खर्च झाले. उरलेल्या सातशेत बाक येत नाही, म्हणून तो पुढच्या वर्षावर गेला. परवाच्या मंगळवारी मी हौसाला आकृती दाखवली. तिने पान लांब धरून नीट पाहिलं. म्हणाली, "चांगला हाय," आणि पाय बदलून उभी राहिली. मी अहवाल पिशवीत घातला आणि पुढच्या एसटीने घरी आलो.

ताईस नमस्कार.

आपला,
दामू

ता. क. तुमच्या ओटीवर आजोबांचा सागवानी बाक आहे. साहेबांनी तोंडी परवानगी दिली आहे. मॅडम म्हणतात, लांबी मानकापेक्षा चार बोटं जास्त आहे, पण त्या दुर्लक्ष करतील.

ता. क. २. हे पत्र घेऊन आलेला दिनेश टेम्पोवाला आहे. टेम्पो दारात उभा आहे. ताईने परवाच होकार दिला. तुम्हाला विचारायचं तेवढं राहिलं.

ता. क. ३. पत्र त्याच बाकावर बसून वाचत असाल, तर कृपया उठावे.