कवळीतला दाणा

प्रिय दादा,

तुझी हिरडी दुखतेय हे वहिनींनी फोनवर सांगितलं आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. खाली डावीकडे पांढरट चट्टा आहे, जेवताना झोंबतो. तू सारखा आरशासमोर ओठ खाली ओढून उभा असतोस आणि कुणी विचारलं की खेकसतोस. फोन ठेवून मी चहा केला आणि चवीने प्यायले.

आईही अशीच बघायची. तुझ्या घरचा आरसा तिला उंच पडायचा, म्हणून डब्याच्या झाकणात बघायची. हिरडी दुखते म्हणून ती सांगत राहिली आणि तू एकच पालुपद लावलंस, "कवळी टोचत असेल, उगाच बाऊ करू नकोस." मी तिला दवाखान्यात न्यायला आले, तर मला दारातूनच वाटेला लावलंस. शेवटी तू नेलंस तेव्हा फार उशीर झाला म्हणून डॉक्टरांनी नुसती मान हलवली. नंतर तर तिला पाणीही गिळवेना. हे मी विसरलेले नाही, विसरणारही नाही.

इथल्या बहुतेक दातांच्या डॉक्टरांचे साचे कवळ्या बनवायला आमच्याच कारखान्यात येतात. तुझी हिरडी दुखायच्या आधी तुझा साचा नेमका माझ्या टेबलावर आला तेव्हा म्हटलं, आता सापडलास. प्लास्टरमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की कवळीच्या आतल्या बाजूला मोहरीएवढा दाणा उठतो. आम्ही बोट फिरवून तो शोधतो आणि घासून टाकतो. तुझ्या कवळीत तसा दाणा होता, तोही खाली डावीकडेच. राहू दिला असता तर घासाघासाला टोचला असता, आणि हे काय झालंय या काळजीने तुझी झोप उडाली असती. सोबत काम करणाऱ्या सगळ्या जणी जेवायला उठल्या, मी ती कवळी हातात धरून बसून राहिले.

आता तू सांगत सुटलायस म्हणे, धाकटीने डूख धरून कवळीत काहीतरी करून ठेवलंय. ओळखतोस मला. वहिनींनी तेच विचारायला फोन केला होता. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

पण तो दाणा मी काढला होता, दादा. तुझी दया येऊन नव्हे. माझ्या हातून तशी कवळी बाहेर जात नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही. पुन्हा पुन्हा बोट फिरवून पाहिलं, आतून गुळगुळीत आहे ती. आणि वहिनी म्हणाल्या, तू पंधरवडाभर कवळी काढून ठेवलीस तरी चट्टा तसाच आहे. कवळीची जखम एवढी टिकत नाही. मी गप्प राहिले तर तू माझ्या नावाने बोटं मोडत घरी बसशील, आणि मला हवं होतं ते आपसूक होईल. कालपासून मनात तेच घोळतंय, म्हणून मन फिरायच्या आत हे लिहून टाकतेय. मी तुला माफ केलेलं नाही. उद्या सकाळीच दवाखान्यात जा आणि तोंड दाखव.

तुझीच,
धाकटी