पेंडीचा वास

रविवार, संध्याकाळ

लातूरच्या तेल कंपनीने मुदखेडची बंद सोयाबीन गिरणी विकत घेतली, म्हणून कंपनीच्या मालकाचा उदोउदो. नांदेडच्या तेल कंपनीच्या मालकाने काहीच घेतलं नाही, तर तो भित्रा ठरला.

आज मेहुण्यासोबत मुदखेडला गेलो. गिरणी सुरू झाली म्हणतात. फाटकाला नवा रंग होता, पण पेंडीचा वास कुठेच नव्हता.

“दाजी, शेअर बघायला आलात का वास घ्यायला?” मेहुणा हसला. नांदेडचे शेअर विकून तो उद्या लातूरचे घेणार. फक्त माझ्या होकारासाठी थांबलाय.

लातूरच्या मालकाची मिजास मला खुपते. संशय त्यातूनच आला का? असेलही. पण चालत्या गिरणीला वास येतोच.

आत्ता फोन करून सांगितलं, “घेऊ नको.”

“लई भेता बघा, दाजी!”

बसलो मीही नांदेडवाल्याच्या पंगतीला.